माणिकराव प्लॉट देत नाहीत

"सांभाळून सर, बाकाला ठेच लागंल."

माणिकराव मला हे म्हणाले तेव्हा आम्ही दोघं हिंगोलीच्या बाहेर, औंढा रोडला, सोयाबीन काढून झालेल्या एका रानात उभे होतो. बाक सोडाच, बसायला धड दगडसुद्धा नव्हता. काळी भेगाळलेली जमीन, पायाला टोचणारी धसकटं आणि चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा, एवढीच काय ती शोभा. तरी मी दचकून पाय उचलला. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारा माणूस मी, पण उचलला.

"ही बाग," माणिकराव म्हणाले. "सकाळी लई गर्दी राहती इथं. आपण दुपारचे आलो म्हणून निवांत हाय."

मला दाखवायचा प्लॉट समोरच वीस-पंचवीस पावलांवर होता. मी सरळ निघालो. त्यांनी दंड धरून मला मागं ओढलं.

"तिकडून कुठं चालले? ते जाधवांचं देवघर हाय."

"अहो, पण तिथं काहीच नाही."

"आज न्हाई. म्हणून चपला घालून जाल काय?"

मग आम्ही रीतसर रस्त्यानं गेलो. म्हणजे आधी चाळीस पावलं उत्तरेला, तिथं काटकोनात वळून तीस पावलं, पुन्हा काटकोन, पुन्हा पावलं. टळटळीत उन्हात, मोकळ्या रानात, दोन प्रौढ माणसं चौकोन आखत चालली होती. बांधावर एक म्हातारा शेळ्या राखत होता, तो आमच्याकडे बघत उभाच राहिला. त्याची शेळी मात्र जाधवांच्या देवघरात खुशाल चरत होती.

मला वाटलं, ही गिऱ्हाईक गुंडाळायची कला असणार. पण पुढं एकदा औंढ्याहून येताना बसच्या खिडकीतून मी त्यांना पाहिलं. रानात ते एकटेच होते. गिऱ्हाईक नाही, मालक नाही. तरी काटकोनातच वळत होते. एका जागी तर ते बाजूला सरकून थांबले, बहुतेक समोरून कुणाची गाडी आली असावी.

त्यांचं खरं आडनाव वेगळं, पण गाव त्यांना नकाशे म्हणायचं. साठी उलटलेली, पायजमा आणि लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत पी.व्ही.सी. पाइपाचा हातभर तुकडा. पाइपाच्या दोन्ही टोकांना झाकणं आणि आत 'स्वप्नवैभव नगरी'चा गुळगुळीत छापलेला नकाशा. नकाशात काय नव्हतं? कारंजं होतं, जॉगिंग ट्रॅक होता, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा होता. जिथं उन्हाळ्यात टँकरमागं घागरी धावतात तिथं चक्क पोहण्याचा तलावही होता. कोपऱ्यात एक गोरं कुटुंब हसत उभं होतं. त्यांचं कुत्रंसुद्धा गोरंच होतं. त्या कुटुंबानं कुठल्या नंबरचा प्लॉट घेतला, हे मी विचारलं नाही.

या लेआउटचे मालक वेगळे. त्यांचं काम रान घ्यायचं, रेघा मारायच्या आणि फ्लेक्सवर हात जोडून उभं राहायचं. विकायचं काम माणिकरावांचं. आणि घोळ तिथंच होता, कारण माणिकराव प्लॉट देत नसत.

मी त्यांना कॉर्नरचा प्लॉट मागितला होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कॉर्नर तुम्हाला न्हाई जमायचा."

"का?"

"तुमी बोलत न्हाई. कॉर्नरला चार बाजूंनी माणसं येतात, पत्ता विचारतात. तिथं बोलका माणूस पाहिजे. तुमी मधात बसा. चौदा नंबर."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पुढच्या खेपेला बायकोही सोबत आली, तेव्हा त्यांनी पाइपातून एक शाळेची वही काढली आणि आमची मुलाखत सुरू केली. सकाळी किती वाजता उठता? टीव्ही केवढ्यानं लावता? घरात लोणचं कोण घालतं? चहा टाकल्यावर साखर संपली असं कळलं तर काय करता?

"दुकानातून आणतो," मी म्हणालो.

"शेजारी मागत न्हाई?"

"नाही. बरं दिसत नाही ते."

माणिकरावांनी माझ्या बायकोकडं, सुलभाकडं, अशा नजरेनं पाहिलं की जणू तिला माझा हा आजार आधी कुणी सांगितलाच नव्हता. मग वहीत काहीतरी लिहिलं.

त्यांची ही तऱ्हा सगळ्यांशीच. एका कंत्राटदाराला लागून लागून दोन प्लॉट हवे होते, एकच टोलेजंग बंगला बांधायला. माणिकराव म्हणाले, "म्हणजे एक शेजारी कमी करता काय?" आणि नकाशा गुंडाळला. कंत्राटदार थेट मालकांकडं गेला, मालकांनी माणिकरावांना झापलं, माणिकरावांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "घोरता का?"

एक गृहस्थ तर माझ्यासमोरच आले होते. प्लॉट पसंत पडला. मग आवाज बारीक करून, इकडंतिकडं बघत त्यांनी तो प्रश्न केला. आपल्याकडं प्लॉट घेताना पाण्याच्या आधी हाच प्रश्न विचारतात. "आजूबाजूला कोण लोक आहेत?"

"बाजूला एक नर्स हाय," माणिकराव मोठ्यानं म्हणाले. "आणि मागं एक इलेक्ट्रिकचा मिस्त्री."

"तसं नाही हो. लोक कोण?"

"सांगितलं न तुम्हाला. नर्स रात्रपाळीला जाती, मिस्त्रीला गोड आवडतं. अजून काय पाहिजे?"

गृहस्थ खजील झाले नाहीत. असे लोक होत नसतात. ते फक्त दुसऱ्या लेआउटला गेले. माणिकराव मला म्हणाले, "गेलं ते बेस झालं. तकलीफ होती ती."

"घराच्या भिंती मिस्त्री बांधतो सर, पण शेजार कोण बांधतो?" हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून सहा वेळा ते म्हणत आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं वर आभाळाकडं बघत. मला त्याचा फार राग यायचा.

शेवटी आम्ही चौदा नंबरवर घर बांधलं. राहायला गेलो तेव्हा चौसष्ट प्लॉटांच्या त्या नगरीत एकूण चार घरं होती. आमचं एक, उजव्या हाताला वनिता सिस्टरचं, आमच्या मागं शब्बीर मिस्त्रीचं, आणि कॉर्नरला जाधव, जे खरोखरच दिवसभर पत्ते सांगत असत. रस्त्यावर मुरूम पडला नव्हता, नाली नव्हती, विजेचे खांब आडवे पडलेले होते. कमान मात्र झाली होती. दोन हत्ती, वर कलश, मालकांच्या वडिलांचं नाव. कमानीतून ऐटीत आत शिरलं की समोर कमरेएवढं गाजर गवत. सांडपाणी जो तो शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सोडत असे. अशा प्लॉटचा मालक बहुधा पुण्यात राहायचा, गुंतवणूक म्हणून घेतलेला. तो कधी तक्रार करत नसे, कधी काही मागत नसे, कधी दिसतही नसे. आमच्या कॉलनीत सगळ्यांना असाच शेजारी हवा होता.

वनिता सिस्टर तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती हिंग मागायला आली. तिसऱ्या दिवशी खलबत्ता. चौथ्या दिवशी तिनं आमची शिडी नेली आणि पाचव्या दिवशी शिडी परत द्यायला येऊन दोन तास बसली. मी खोलीचं दार लावून घेत असे. मग एका सकाळी माझ्या पोटात मुतखड्याची कळ आली. मी फरशीवर गडबडा लोळतोय, सुलभा रडतेय, आणि सिस्टर वाटीभर बेसन मागायला दारात उभी. तिनं वाटी खाली ठेवली, शब्बीर मिस्त्रीला भिंतीवरून हाक मारली, मला त्याच्या टमटममध्ये घातलं. संध्याकाळपर्यंत माझा खडा किती मिलिमीटरचा आहे हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. जाधव तर पत्ता विचारणाऱ्यांनाही सांगत होते.

तिसऱ्या दिवशी माणिकराव आले. आजाऱ्याला बघायला नाही. वही घेऊन.

"बराबर बसलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शेजार हो."

मी भिंतीकडं तोंड केलं. सुलभा म्हणाली, "बराबर बसलं." त्यांनी वहीत टिक केली आणि चहाही न घेता निघून गेले.

रिकाम्या प्लॉटवाल्यांना ते सोडत नसत. सणासुदीला पुण्याला, संभाजीनगरला फोन. "साहेब, घर कधी बांधता? इकडं शेजारी वाट पाहून राहिले तुमची." आम्ही कुणीही वाट बघत नव्हतो. एका साहेबांनी त्यांचा नंबर ब्लॉक केला, तर यांनी जाधवांच्या फोनवरून लावला. साहेबांनी मालकांना कळवलं की तुमचा माणूस आम्हाला राहायला बोलावून छळतो.

मालकांचा संयम सुटला तो मात्र बागेवरून. 

बाग म्हणजे नकाशात हिरवी रंगवलेली मोकळी जागा. तिथं तोवर एक झाडही नव्हतं, नुसता पाऊण एकराचा उजाड तुकडा. मालकांनी नवा नकाशा छापला. त्यात बाग आक्रसून रुमालाएवढी झाली होती आणि उरलेल्या जागेत सहा नवे प्लॉट उगवले होते. त्यांनी माणिकरावांना जुने नकाशे गोळा करून जाळायला सांगितलं.

माणिकरावांनी ते गोळा केले आणि चौसष्ट जणांना वाटले. शिवाय रविवारी सकाळी बागेत मीटिंग ठेवली. चौसष्टपैकी चार जण आलो. बाकीच्यांनी व्हॉट्सअॅपवर अंगठे पाठवले. 

मालक पांढऱ्या गाडीतून आले. खाली उतरून थेट त्या उजाड तुकड्याच्या मधोमध उभे राहिले.

"माणिकराव, काय लावलंय हे? कुठं आहे बाग? दाखवा मला!"

"तुमी कारंज्यात उभे हायेत मालक," माणिकराव शांतपणे म्हणाले.

शब्बीर मिस्त्री फसकन हसला. मालक एक पाऊल मागं सरकले. मग आपण का सरकलो हे लक्षात येऊन जास्तच लाल झाले.

"बारा वर्षं तुम्ही लोकांना थापा मारल्या. आता तुम्हीच त्या खऱ्या मानायला लागले का?"

"थापा तुमच्या होत्या," माणिकराव म्हणाले. "मी नुसतं माणसाला सांगत होतो. सांगितल्यावर ते करावं लागतं न. काहून छापलं मग?"

मालकांनी याचं उत्तर फ्लेक्सवर दिलं. दुसऱ्या दिवशी कमानीवरच्या फ्लेक्सवरून माणिकरावांचं नाव आणि फोन नंबर काळ्या रंगानं खोडलेला दिसला. बारा वर्षांची नोकरी एका ब्रशात संपली. आम्ही चौघांनी जुना नकाशा जोडून कचेरीत अर्ज दिला. अर्ज कुठल्यातरी टेबलावर बसला तो बसलाच. त्यामुळं नवे प्लॉट झाले नाहीत आणि बागही झाली नाही. तिथं सध्या शेळ्या चरतात. आमच्या कॉलनीत नकाशाप्रमाणे उरलेलं तेवढंच एक मनोरंजनाचं ठिकाण आहे.

नोकरी गेली तरी माणिकराव येतच राहिले. जुन्या गावात एका दुकानावरच्या खोलीत ते भाड्यानं राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन परभणीला. सकाळी सायकलवर यायचे, चार घरांना फेरी मारायचे, आडव्या पडलेल्या खांबावर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काम हाय थोडं." कसलं काम, ते कुणाला कळत नसे. मला वाटे, सवय आहे, जाईल.

मग एका दिवशी दहाच्या सुमाराला ते ऑटोतून आले. सोबत एक अगदी लहानखुरी म्हातारी. नऊवारी पातळ, कपाळावर हिरवं गोंदण, हातात काठी. त्यांची आई. सिद्धेश्वरच्या बाजूला, धरणात गेलेल्या गावाचं जे नवं गावठाण वसवलं, तिथं ती एकटी राहत होती.

"सर, आईला जरा पंधरा नंबर दाखवायचा हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी प्रथमच गिऱ्हाइकाचा आवाज ऐकला.

पंधरा नंबर म्हणजे आमच्या डाव्या हाताचा प्लॉट. तो रिकामा होता आणि कुणी मागितला की माणिकराव 'तो न्हाई' एवढंच म्हणत, हे मला माहीत होतं. तो त्यांनी आईच्या नावावर घेऊन ठेवलाय, हे माहीत नव्हतं.

त्यांनी आईला सगळं दाखवलं. इथं तुझी खोली. इथं तुळस. ही भिंत कमरेएवढीच ठेवू, म्हणजे वहिनींशी बोलता यील. म्हातारीनं धसकटं काठीनं बाजूला केली आणि जमीन बघितली. मग सुलभानं तिला आमच्या पायरीवर बसवलं. सिस्टरही आली. माणिकराव खांबाजवळ फोन कानाला लावून उभे राहिले. फोन आलेला नव्हता, हे मला दिसत होतं.

"शेजारीन कोन हाय तुला?" म्हातारीनं सुलभाला विचारलं.

"ही काय, सिस्टर."

"बोलता का?"

"फार."

म्हातारी खुश झाली. मग तिनं सांगितलं. धरणाचं पाणी आलं, गाव उठलं. नव्या जागी घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत निघेल तो तुमचा प्लॉट. तिची गोदा म्हणून शेजारीण होती, भिंतीला भिंत लागून. दोघींचं जातं एक, पाणी आणायची वाट एक. गोदाची चिठ्ठी निघाली पार त्या टोकाला. हिच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं आली.

"ह्यो लहान व्हता," ती माणिकरावांकडं बघत म्हणाली. "मी दिसभर गप राहायची. ह्याला वाटायचं आई मुकी झाली. एक डाव मला म्हनला, आये, मी मोठा झाल्यावर चिठ्ठ्या टाकीन, तुझी अन् गोदामावशीची बाजूबाजूला काढीन. गोदा तर कवाच गेली. ह्याच्या डोक्यातून काय जात न्हाई."

मी खांबाकडं पाहिलं. माणिकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता या की इकडं राहायला," सुलभा म्हणाली. "मी आहे."

"तू चांगली हायस बाई. पर मला न्हाई यायचं."

"का हो?"

"तितं समोर सुंदरा हाय न. तीस वर्सं झाली, रोज भांडती माझ्यासंगं. कवा पानी सांडलं म्हनून, कवा कोंबडी आली म्हनून. दोघींचे बी दात गेले, पर भांडन व्हतंय. मी इकडं आले तर ती कुनासंगं भांडंल? मरूनच जाईल ती."

हे माणिकरावांनी ऐकलं. फोन खाली आला. ते जवळ आले आणि आईसमोर उकिडवे बसले.

"आये, सुंदराकाकूचं तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कवा विचारलं? आला की म्हनतो, आये तू एकटी हायस, आये तू एकटी हायस. मी म्हनलं, म्हनू दे. त्याला बरं वाटत असंल." मग काठी टेकवून उठता उठता ती म्हणाली, "एकटा तू हायस बाळा. माझं बराबर हाय."

ते तिला पोचवून संध्याकाळी परत आले आणि आमच्या पायरीवर बसले. वही नव्हती, पाइप नव्हता. काडीनं मातीत रेघा ओढत राहिले.

"सर," शेवटी म्हणाले, "आता पंधरा नंबरला कोण बसवावं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. सुलभा आतून म्हणाली, "तुम्हीच या."

ते नुसते हसले. सुलभानं त्यांना न विचारता ताट वाढलं. ते जेवले आणि हात धुऊन "बराय" म्हणून गेले.

दसऱ्याला त्यांनी पंधरा नंबरवर पाया खणायला घेतला. माणूस सरळ, पण खड्डा तिरपा निघाला. आमच्या बाजूला चार बोटं आत. खरं सांगायचं तर चार बोटांनी माझं काही बिघडत नव्हतं. मी जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोललेलो नाही, माझ्या वर्गात तिसऱ्या रांगेच्या पुढं आवाज जात नाही. पण गेल्या सोमवारी सकाळी मी टेप घेऊन बाहेर गेलो.

"माणिकराव, हे आत आलंय."

"काय आत आलंय?"

"तुमचा पाया. चार बोटं."

"न्हाई आला."

"आलाय! तुम्हाला रेघ दिसत नाही का?"

"मला रेघ शिकवता? मला?" त्यांनी हातातली मातीची पाटी आपटली. मग मी टेप आपटली. ते म्हणाले तुमचं गणित कच्चं, मी म्हणालो तुमचा नकाशाच खोटा. शब्बीर मिस्त्री शिडीवरून उतरला. सिस्टर ओल्या हातांनी बाहेर आली. कॉर्नरवरून जाधव धावत आले. सुलभा दारात उभी राहून माझ्याकडं बघतच राहिली. 

घसा बसल्यावर मी आत गेलो. पाणी पिताना खिडकीतून माणिकराव दिसले. मातीच्या ढिगावर बसून त्यांनी टोपीनं तोंड पुसलं, खिशातून फोन काढला आणि लावला.

"आये, म्या बोलतोय. ऐकू येऊन राहिलं का? ...आज भांडण झालं माझं. ...शेजाऱ्यासंगं. व्हय, मोठ्ठं. सगळी माणसं जमली."

पलीकडून ती काहीतरी विचारत असावी.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले, "मिटलं न्हाई. उद्या बी हाय."